जनकपूरचे पाहुणे
(भारत-नेपाळ संबंधांवरील व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)



प्रभू रामचंद्र महाराष्ट्रात देव आहेत, अयोध्येत राजा आहेत, मिथिलेत मात्र ते जावई आहेत. मैथिली भाषेत जावयाला ‘पाहुन’ म्हणतात. आपल्या ‘पाहुणा’ या शब्दाचे हे सख्खे भावंड. मार्गशीर्ष शुद्ध पंचमीला जनकपुरात विवाहपंचमीचा सोहळा होतो. मिरवणूक निघते, मांडव पडतो आणि मैथिल स्त्रिया या जावयाला गाण्यांतून यथेच्छ टोमणे मारतात. जगाचा स्वामी असला तरी लग्नमांडवात तो वरपक्षच. त्याची थट्टा व्हायलाच हवी, असा तिथला रिवाज आहे. पण त्याच पंचमीला मिथिलेतील कित्येक घरे आपल्या लेकीचे लग्न लावीत नाहीत. सीतेच्या वाट्याला सासरी जे आले ते आपल्या मुलीच्या वाट्याला येऊ नये, ही त्यामागची भावना. एकाच तिथीचा सोहळाही करायचा आणि तिच्या आठवणीने पोटच्या पोरीसाठी धास्तावायचेही, हे फक्त माहेरालाच जमते.

हे माहेर आज दोन देशांत विभागलेले आहे. सीतामातेचे जन्मस्थान म्हणून पूजिले जाणारे पुनौरा धाम बिहारच्या सीतामढी जिल्ह्यात येते, तर जनकाची राजधानी मानले जाणारे जनकपूर नेपाळच्या मधेश प्रदेशात. जनकपूरचे भव्य जानकी मंदिर बुंदेलखंडातील टीकमगडच्या राणी वृषभानु कुंवरी यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी उभारले. त्यांना तेव्हा आपण परराष्ट्रात देऊळ बांधीत आहोत असे वाटले असेल काय? जानेवारी २०२४ मध्ये अयोध्येत रामलल्लाची प्राणप्रतिष्ठा झाली, त्याआधी जनकपूरहून हजारो भेटवस्तूंचा ‘भार’ अयोध्येला पोचला. भार म्हणजे मुलीच्या माहेराहून सासरी जाणारा अहेर. वस्त्रे, दागिने, फळे, मिठाया, सारे काही त्यात होते. दोन सरकारांमधील शिष्टाचाराचा हा भाग नव्हता. लेकीच्या घरी वास्तुशांत असताना माहेरच्यांनी रिकाम्या हाताने कसे जावे, एवढाच विचार त्यामागे होता.

भारत-नेपाळ संबंधांना ‘रोटी-बेटीचे नाते’ म्हणण्याचा प्रघात आहे. उभय देशांचे नेते भेटले की हा शब्दप्रयोग भाषणात येतोच, आणि इतक्या वेळा येऊन तो आता गुळगुळीत झाला आहे. त्यातली रोटी कोण कमावतो, त्यातली बेटी कोठून कोठे जाते आणि तिथे गेल्यावर तिचे काय होते, याची चौकशी मात्र फारशी कोणी करीत नाही. आजचा विषय ती चौकशी हा आहे.

दहा गजांची रेषा

भारत आणि नेपाळ यांच्यात सुमारे १७५१ किलोमीटरची सीमा आहे. पश्चिमेला महाकाली नदी आणि पूर्वेला मेची नदी. मधला बहुतांश भाग सपाट, सुपीक तराईचा. ही सीमा आखली ती इंग्रजांनी, गोरखा युद्धानंतरच्या सुगौली तहाने. १८१६ मध्ये तो तह अमलात आला. पुढे १८५७ च्या संग्रामात जंगबहादुर राणा इंग्रजांच्या मदतीला लखनौपर्यंत आले, त्याची बक्षिशी म्हणून १८६० मध्ये पश्चिम तराईतील बांके, बर्दिया, कैलाली आणि कंचनपूर हा मुलूख नेपाळला परत मिळाला. शेते, कुळे, गोत्रे तीच राहिली. नकाशे बदलत गेले.

या सीमेवर दोन्ही बाजूंना मिळून एक मोकळी पट्टी सोडलेली असते. तिला ‘दसगजा’ म्हणतात. तिच्यात दगडी खांब उभे असतात. कोठे कोठे या पट्टीला लागूनच घरे आहेत. अंगण एका देशात आणि गोठ्याची मागची भिंत दुसऱ्या देशाच्या उंबरठ्यावर, असे चित्र तिथे नवलाचे नाही. रक्सौल-वीरगंज, जोगबनी-विराटनगर, जयनगर-जनकपूर, सोनौली-भैरहवा, रुपैडिहा-नेपाळगंज या जोड्या ऐकल्या की आपल्याला नाके आठवतात, तिथल्या लोकांना आठवतात ते बाजार, डॉक्टर, देवळे आणि व्याही. मैथिली, भोजपुरी, अवधी आणि थारू बोलणारी माणसे दोन्हीकडे आहेत. छठ दोन्ही काठांवर होते. मावळत्या सूर्याला अर्घ्य देताना पासपोर्ट लागत नाही.

लेक सासरी निघते तेव्हा तिथे ‘खोइँछा’ भरतात. पदरात तांदूळ, दूर्वा, हळकुंड आणि एखादे नाणे. आपल्याकडची ओटी, दुसरे काय! या खोइँछाचे तांदूळ भारतीय की नेपाळी, असा प्रश्न शतकानुशतके कोणाला पडला नव्हता. २०२३ मध्ये नेपाळच्या सरकारने भारतातून येताना शंभर नेपाळी रुपयांहून अधिक किमतीचा माल असेल तर जकात घ्यावी, हा जुना नियम सक्तीने लागू केला. शंभर नेपाळी रुपये म्हणजे आपले साडेबासष्ट रुपये. एवढ्या पैशात साधे लुगडेही येत नाही. चोरटी आयात थांबवावी हा हेतू कोणालाही पटेल. पण त्या नाक्यावर अडला कोण? पोत्यांनी माल आणणारा वाटा शोधतोच. अडली ती भावाच्या घरून दोन साड्या आणि मिठाईचा डबा घेऊन परतणारी बाई.

नाथांचे पाऊल

हे नाते केवळ सीमाभागाचे आहे, महाराष्ट्राचा त्याच्याशी काय संबंध, असे कोणाला वाटत असेल तर ज्ञानेश्वरमाउलींची गुरुपरंपरा आठवावी. आदिनाथ, मत्स्येंद्रनाथ, गोरक्षनाथ, गहिनीनाथ, निवृत्तिनाथ आणि ज्ञानदेव. यांतील मत्स्येंद्रनाथांची समाधी बीड जिल्ह्यातील सावरगाव येथे मानली जाते. त्याच मच्छिंद्रनाथांचा रथोत्सव काठमांडू खोऱ्यातील पाटण नगरात शतकानुशतके होतो. रातो मच्छिंद्रनाथ हा तिथला पावसाचा देव. वैशाखाच्या उन्हात त्याचा उंच रथ गल्ल्यांतून ओढला जातो. हिंदू त्याला मच्छिंद्रनाथ म्हणतात, नेवार बौद्ध त्यालाच करुणामय लोकेश्वर म्हणून पूजतात आणि रथाचा दोर दोघेही ओढतात. गोरखा हे गाव, त्यावरून पडलेले गोरखा हे नाव आणि गोरखपूरचे गोरखनाथ मंदिर एकाच सूत्रात ओवलेले आहेत. मकरसंक्रांतीला गोरखनाथांना खिचडी चढते आणि त्यात नेपाळच्या राजघराण्याची खिचडी पाठविण्याची परंपरा आहे.

पशुपतिनाथाच्या गाभाऱ्यात पूजा करतात ते कर्नाटकातून आलेले भट्ट पुजारी. डिसेंबर २००८ मध्ये तत्कालीन माओवादी सरकारने त्यांना बाजूला सारून नेपाळी पुजारी नेमण्याचा निर्णय घेतला. त्यावर सर्वांत मोठा विरोध झाला तो दिल्लीत नव्हे, काठमांडूत. भाविक रस्त्यावर आले, प्रकरण न्यायालयात गेले आणि जानेवारी २००९ मध्ये पंतप्रधान प्रचंड यांना माघार घ्यावी लागली. २००६ मध्ये नेपाळच्या संसदेने देश धर्मनिरपेक्ष घोषित केला आणि २००८ मध्ये राजसत्ता संपली. जगातील एकमेव हिंदू राज्य लोपले याची खंत आपल्याकडे अनेकांना वाटली, आजही वाटते. पण राजमुकुट गेल्यावर अवघ्या काही महिन्यांतच सामान्य नेपाळी माणसाने आपल्या देवळाची परंपरा राखली, याची नोंद तेवढ्याच ठळकपणे घ्यायला हवी होती. ती घेतली गेली नाही. राजा असो वा नसो, तिथले धर्मजीवन घराघरांत आहे, हे ध्यानात आले असते.

मराठी इतिहासाचीही एक वाट नेपाळात जाते, आणि ती दुःखाची आहे. १८५७ चा लढा फसल्यावर नानासाहेब पेशवे तराईच्या जंगलात शिरले. तिथेच त्यांचा अंत झाला असे मानले जाते. इंग्रजांना साथ देणाऱ्या त्याच जंगबहादुरांनी पेशवे कुटुंबातील स्त्रियांना मात्र काठमांडूत आसरा दिला. अवधच्या बेगम हजरत महलही तिथेच राहिल्या आणि १८७९ मध्ये तिथेच वारल्या. राजकारणात शत्रूची बाजू घ्यायची आणि घरी आलेल्या निराधार स्त्रीला आश्रय द्यायचा, ही विसंगती वाटेल. तिथल्या रीतीला ती विसंगत वाटली नाही. पुढे साताऱ्याकडील कण्हेरखेडच्या शिंद्यांच्या ग्वाल्हेर घराण्यात नेपाळच्या राणा कुळाचे रक्त आले. राजमाता विजयाराजे शिंदे यांच्या मातोश्री राणा घराण्यातील होत्या आणि त्यांच्या स्नुषा माधवीराजे या थेट नेपाळहून आल्या. जनसंघापासून भारतीय जनता पक्षापर्यंत ज्यांनी आयुष्य वेचले त्या राजमातांचे आजोळ नेपाळी होते, हे कार्यकर्त्यांपैकी किती जणांना ठाऊक आहे?

राजकीय देवघेवही तितकीच जवळची. नेपाळी काँग्रेसचे नेते बी. पी. कोइराला यांचा जन्म १९१४ मध्ये वाराणसीचा. ते भारताच्या स्वातंत्र्यलढ्यात तुरुंगात गेले. सप्टेंबर २०२५ मध्ये तरुणांच्या उठावाने ओली सरकार कोसळले, तेव्हा हंगामी पंतप्रधानपद ज्यांच्याकडे आले त्या माजी सरन्यायाधीश सुशीला कार्की काशी हिंदू विश्वविद्यालयाच्या पदव्युत्तर विद्यार्थिनी होत्या.

पैशाचा संबंध

आता रोटीकडे वळू. १९९३ पासून शंभर भारतीय रुपयांना एकशे साठ नेपाळी रुपये हा दर कायम आहे. नेपाळच्या एकूण परदेश व्यापारात भारताचा वाटा सुमारे दोन तृतीयांश. समुद्र नसलेल्या या देशाचा बहुतेक माल कोलकाता-हल्दियाच्या बंदरांतून, रक्सौलमार्गे जातो. सप्टेंबर २०१९ मध्ये मोतिहारी ते अमलेखगंज ही ६९ किलोमीटरची तेलवाहिनी सुरू झाली. दक्षिण आशियात दोन देशांना जोडणारी ती पहिली. एप्रिल २०२२ मध्ये जयनगर ते जनकपूरमार्गे कुर्था ही रेल्वे पुन्हा धावू लागली. विजेचे तर चक्रच उलटे फिरले. एकेकाळी रोज कित्येक तास अंधारात बसणारा नेपाळ नोव्हेंबर २०२१ पासून भारताला वीज विकू लागला आणि दहा वर्षांत दहा हजार मेगावॉटपर्यंत वीज घेण्याचा करार जानेवारी २०२४ मध्ये झाला. नोव्हेंबर २०२४ मध्ये भारताच्या तारांवरून नेपाळची वीज बांगलादेशापर्यंतही पोचली. हे सारे चांगले झाले आणि त्याचे श्रेय उभय बाजूंना दिले पाहिजे.

पण या हिशेबात एक जुनी थकबाकी आहे. भारतात राबून आलेला नेपाळी माणूस कमाईच्या नोटा घरी ट्रंकेत जपून ठेवीत असे, कारण भारताचा रुपया हा त्याच्या लेखी सोन्यासारखा भरवशाचा. २०१६ च्या नोटाबंदीत पाचशे आणि हजाराच्या नोटा रद्द झाल्या. आपल्याला बँकेत रांगा लावाव्या लागल्या, पण नोटा बदलून मिळाल्या. नेपाळच्या डोंगरातील त्या ट्रंकेतल्या नोटा मात्र बदलून मिळाल्या नाहीत. काठमांडूने मागणी केली, चर्चा झाल्या, निष्पन्न काही झाले नाही. रक्कम आपल्या अर्थव्यवस्थेपुढे किरकोळ होती. ज्याची ती होती त्याच्यासाठी एका हंगामाचे श्रम होते.

त्याच्या आदल्या वर्षी तर याहून मोठी जखम झाली. २५ एप्रिल २०१५ रोजी नेपाळ भूकंपाने हादरला आणि काही तासांतच भारतीय वायुदलाची विमाने काठमांडूत उतरली. मदतीचा तो वेग विलक्षण होता. मात्र ढिगाऱ्याखालील माणसांपुढे ध्वनिक्षेपक धरून ‘आपको कैसा लग रहा है’ असे विचारणाऱ्या आपल्याच वृत्तवाहिन्यांनी त्या पुण्याचा बराच भाग वाया घालविला. २० सप्टेंबर २०१५ रोजी नेपाळची नवी राज्यघटना जाहीर झाली. तराईतील मधेशी समाजाला ती अन्याय्य वाटली, आंदोलन पेटले आणि रक्सौल-वीरगंज नाक्यावरून होणारी वाहतूक फेब्रुवारी २०१६ पर्यंत जवळजवळ ठप्प झाली. भारताने नाकेबंदी केलेली नाही, मधेशी आंदोलकांनी वाट अडवली आहे, असे दिल्ली सांगत राहिली. काठमांडूच्या गृहिणीने हे कधी मान्य केले नाही. भूकंपाने तडकलेल्या घरात, ऐन थंडीत, गॅसचे सिलिंडर नाही आणि औषधे नाहीत, एवढेच तिला दिसत होते. मधेशी लोकांची बाजू न्याय्य होती यात शंका नाही. तरीही ज्या देशाशी आपण रक्ताचे नाते सांगतो त्या देशात चूल थंडावते तेव्हा नाते सांगणाऱ्याकडेच बोट दाखवले जाते. त्या पाच महिन्यांतील संतापावर ओली यांचे राजकारण वाढले, चीनशी वाहतूक करार झाला आणि २०२० मध्ये लिपुलेख-कालापानीसह नवा नकाशा नेपाळच्या संसदेने एकमताने मंजूर केला.

सुनेचा कागद

आता बेटी. हा विषयाचा गाभा असून सर्वांत कमी बोलला जाणारा भाग आहे.

सीतामढीची मुलगी लग्न होऊन महोत्तरीला जाते, किंवा जनकपूरची मुलगी मधुबनीत येते. ३१ जुलै १९५० च्या शांतता व मैत्री करारामुळे तिला व्हिसा लागत नाही. राहता येते, काम करता येते. मात्र राहणे वेगळे आणि नागरिक असणे वेगळे. नेपाळच्या कायद्यात विदेशातून आलेल्या सुनेला, मूळ नागरिकत्व सोडण्याची प्रक्रिया सुरू केल्याचे दाखविले की, अंगीकृत नागरिकत्व मिळू शकते. पण २०१५ च्या घटनेने अंगीकृत नागरिकाला राष्ट्राध्यक्ष, पंतप्रधान, सरन्यायाधीश, मुख्यमंत्री ही पदे बंद केली. ती केवळ वंशाने नागरिक असणाऱ्यांनाच. तराईतील सुनांपैकी पंतप्रधान व्हायला कितीजणी निघाल्या होत्या, हा प्रश्न गौण आहे. बाईने गावासाठी पन्नास वर्षे घातली तरी ती थोडी कमी नेपाळी, ही गोष्ट त्या कलमाने छापून ठेवली. २०२० मध्ये त्याहून पुढचे पाऊल पडले. विदेशी सुनेला सात वर्षांनंतरच नागरिकत्व द्यावे, अशी शिफारस संसदीय समितीत मंजूर झाली. तराईत संताप उसळला. ती अट अखेर कायद्यात उतरली नाही. राष्ट्राध्यक्ष रामचंद्र पौडेल यांनी २०२३ मध्ये प्रमाणित केलेल्या दुरुस्तीत ती नाही. पण कायद्याच्या या वर्षानुवर्षांच्या घोळात तराईतील लाखो तरुण-तरुणी नागरिकत्वाच्या कागदाविना अडकून पडले. बँकेत खाते नाही, सरकारी नोकरीचा अर्ज नाही.

हे ऐकून नेपाळच्या राज्यकर्त्यांना दोष देणे सोपे आहे. आपल्याकडे ते मनसोक्त दिलेही गेले. मात्र तेव्हा ओलींच्या पक्षाने एक उत्तर दिले होते आणि त्याला प्रत्युत्तर नव्हते. सात वर्षांची अट त्यांनी घेतली होती ती भारताच्याच कायद्यातून! आपल्या नागरिकत्व कायद्यानुसार भारतीयाशी विवाह केलेल्या विदेशी व्यक्तीला सात वर्षे भारतात वास्तव्य केल्यावरच नोंदणीसाठी अर्ज करता येतो. त्यात नेपाळच्या लेकीला वेगळी वाट नाही. आजचा कायदा त्रेतायुगात असता तर जनककन्येला अयोध्येत सात वर्षे थांबून अर्ज करावा लागला असता. आणि चौदा वर्षांचा वनवास ‘सलग वास्तव्यात’ धरावा की नाही, यावर जिल्हाधिकारी कार्यालयात वेगळी फाइल उघडली गेली असती.

विनोद बाजूला ठेवू. २०२५ मध्ये बिहारमध्ये मतदारयाद्यांची विशेष सखोल फेरतपासणी झाली, तेव्हा सीमेलगतच्या गावांत हा प्रश्न उघडा पडला. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी नेपाळातून आलेली सून. मुले इथे जन्मली, रेशनकार्डावर नाव, अनेकदा मतदानही केलेले. आता आई-वडिलांचे कागद आणा असे सांगितल्यावर ती कोठून आणणार? वडिलांचे कागद नेपाळचे आहेत. तिने फसवले नव्हते. नागरिकत्वासाठी अर्ज करावा लागतो हेच घरात कोणाला माहीत नव्हते. लग्न झाले, देवक बसले, कुळात आली, आणखी कसला दाखला हवा, अशी त्या साध्या माणसांची समजूत.

यावर आक्षेप घेतला जाईल, आणि तो हलका नाही. खुल्या सीमेचा गैरवापर होतो. डिसेंबर १९९९ मध्ये कंदाहारला नेलेले विमान काठमांडूहूनच उडाले होते. बनावट नोटा, दहशतवादी, घुसखोर यांनी ही वाट वापरली आहे; २००१ पासून सशस्त्र सीमा बल या सीमेवर तैनात आहे ते विनाकारण नव्हे. मतदारयादी शुद्ध असावी, हा आग्रह राष्ट्रहिताचाच आहे. परंतु खोट्या कागदांवर लपून शिरणारा आणि साऱ्या गावादेखत, वाजतगाजत, उंबरठ्यावरचे माप ओलांडून आलेली सून या दोघांना एकाच चाळणीत घालणे ही दक्षता नव्हे, आळस आहे. ग्रामपंचायतीत विवाहाची नोंद, तिथल्या तिथे अर्ज भरून घेणारे अधिकारी, दोन्ही बाजूंच्या जिल्हाधिकाऱ्यांनी एकमेकांचे दाखले मान्य करणे, एवढ्याने प्रश्न बराचसा सुटण्यासारखा आहे. सात वर्षांची मुदत नेपाळच्या आणि भूतानच्या सुनांसाठी कमी करण्याचा विचार संसदेने करायला हरकत कोणती? आणि तसे आपण केले तर काठमांडूशी मधेशी सुनांबद्दल बोलताना आपल्या शब्दाला वजन येईल.

१९५० चा करार जुना झाला, असे नेपाळमध्ये अनेकांना वाटते. त्यावर नेपाळच्या बाजूने स्वाक्षरी होती पंतप्रधान मोहन शमशेर राणा यांची, भारताच्या बाजूने केवळ राजदूताची; हा सल तिथे आजही निघतो. करार तपासण्यासाठी २०१६ मध्ये दोन्ही देशांतील मान्यवरांचा गट नेमला गेला. त्याचा अहवाल २०१८ मध्ये तयार झाला आणि पुढे वर्षानुवर्षे तो स्वीकारलाच गेला नाही. अहवाल पसंत नसेल तर तसे सांगता येते. व्याह्याचे पत्र न फोडता फडताळात टाकून देणे मात्र आपल्या रीतीत बसत नाही.

सैन्याच्या बाबतीतही तेच होऊ घातले आहे. नेपाळमधील तरुण भारतीय लष्करात शतकाहून अधिक काळ भरती होत आले. सैनिकाला नेपाळीत ‘लाहुरे’ म्हणतात, कारण बलभद्र कुंवर यांच्यासारखे गोरखा वीर महाराजा रणजितसिंहांच्या लाहोरला जाऊन लढले. १९४७ च्या त्रिपक्षीय समझोत्याने गोरखा रेजिमेंटा भारत आणि ब्रिटन यांच्यात वाटल्या गेल्या. आज लाखाहून अधिक निवृत्त सैनिकांना भारताचे निवृत्तिवेतन नेपाळात मिळते. पोखरा आणि धरान इथे त्यासाठी कार्यालये आहेत. करोनाच्या काळात भरती थांबली, २०२२ मध्ये अग्निपथ योजना आली आणि नेपाळने ती जुन्या समझोत्याशी विसंगत असल्याचे सांगून भरतीला संमती दिली नाही. कारगिलमध्ये लढलेल्या पलटणींत नेपाळच्या गावांतून नवा मुलगा येणे तेव्हापासून थांबले. दोष कोणाचा, यावर दोन्हीकडे युक्तिवाद आहेत. पण चार वर्षांनी घरी परतलेल्या प्रशिक्षित तरुणाचे पुढे काय, ही काठमांडूची शंका निव्वळ आडमुठेपणाची म्हणता येणार नाही.

आपल्या बागेतला माणूस

आता घराजवळ येऊ. रत्नागिरी-देवगडच्या आंबाबागांत दिवाळीच्या सुमारास नेपाळी कामगार येतात. बहुतेक जण पश्चिम नेपाळातले, कैलाली, डोटी, अछाम या भागांतले. बनबसाच्या नाक्याने उतरून रेल्वेने आणि बसने कोकणात पोचलेले. बेणणी, फवारणी, मोहोराची राखण, माकडे हाकणे, झेल्याने आंबा उतरवणे, पेटी भरणे, हे सारे त्यांच्या हातून होते. पावसाच्या तोंडावर ते परततात. मच्छीमारी नौकांवर खलाशी म्हणूनही नेपाळी तरुण मोठ्या संख्येने आहेत. ज्यांनी जन्मात समुद्र पाहिला नाही असे डोंगरातले मुलगे तांडेलाच्या हुकमावर जाळी ओढतात. मुंबई-पुण्याच्या सोसायट्यांच्या फाटकावर तर ते पिढ्यान्‌पिढ्या आहेत. आपण त्यांना सरसकट ‘गुरखा’ म्हणतो. तो छेत्री असेल, थारू असेल, मगर असेल. त्याचे नाव विचारण्याची गरज आपल्याला भासत नाही. चित्रपटांनी त्याला ‘शाबजी’ म्हणणारा विनोदी पहारेकरी करून टाकले आणि आपण हसलो. नेपाळमध्ये हे चित्रपट लागतात आणि तिथलेही ते पाहतात, एवढे तरी ध्यानात ठेवायला हवे होते.

मार्च २०२० मध्ये करोनामुळे सीमा बंद झाली तेव्हा भारतातून परतणारे हे कामगार धारचुल्याला महाकालीच्या काठावर अडकले. समोर आपला देश दिसतो आहे आणि झुलत्या पुलाचे दार बंद. काहींनी नदीत उड्या टाकून पैलतीर गाठला. त्यांना इकडे कोणी थांबवून घेतले नाही आणि तिकडे कोणी आत घेईना.

मुंबईने याहून काळा प्रसंग पाहिला आहे. फेब्रुवारी १९९६ मध्ये वेश्यावस्तीतील धाडींत सुमारे पाचशे मुलींची सुटका झाली; त्यांत दोनशेहून अधिक नेपाळी होत्या. कामाच्या किंवा लग्नाच्या आमिषाने आणून विकलेल्या, कित्येक अजाण वयाच्या. ‘बेटी’चा व्यवहार असाही होतो. नेपाळच्या तत्कालीन सरकारने त्यांना परत घेण्यास टाळाटाळ केली; त्या नेपाळी असल्याचा कागद काय, असे विचारले गेले. मुली महिनोन्‌महिने सुधारगृहांत राहिल्या आणि अखेर नेपाळमधील स्वयंसेवी संस्थांनी पुढे येऊन शंभराहून अधिक जणींना घरी नेले. मुंबईच्या समाजाने तेव्हा काय केले, याची नोंद फारशी सापडत नाही.

महाराष्ट्रातील कार्यकर्त्यांनी दिल्ली-काठमांडूच्या वाटाघाटींची वाट पाहत बसण्याचे कारण नाही. कोकणात आंब्याच्या हंगामात येणाऱ्या कुटुंबांची मुले ऑक्टोबर ते मे शाळेबाहेर असतात. तिकडचे वर्ष बुडते आणि इकडे हजेरीपटावर नाव नसते. जिल्हा परिषदेच्या शाळेत त्यांना बसू देण्यास कायद्याची आडकाठी नाही. शिक्षकाला विचारायला कोणी जायला हवे, एवढेच. बागायतदारांच्या संघटनांनी मजुरीचा लेखी हिशेब, फवारणीच्या वेळी तोंडाला पट्टी आणि हातमोजे, झाडावरून पडल्यास उपचाराची तजवीज आणि बँकेतून घरी पैसे पाठविण्याची सोय पाहिली तर ट्रंकेत नोटा साठविण्याची वेळ त्यांच्यावर पुन्हा येणार नाही. नेपाळी दशैं, म्हणजे आपला दसरा, आणि तिहार, म्हणजे आपली दिवाळी. भाऊबीजेला तिथे ‘भाइटीका’ म्हणतात. बहीण भावाच्या कपाळी रंगांचा टिळा लावते. ज्या खलाशाची बहीण हजार मैलांवर आहे त्याच्या कपाळी तो टिळा लावायला मिरकरवाड्यातील, हर्णैतील किंवा देवगडातील एखाद्या घराला सरकारी परवानगी लागत नाही. येत्या दिवाळीपर्यंत काही महिने हाताशी आहेत. आपापल्या तालुक्यात असे किती जण आहेत आणि त्यांची नावे काय आहेत, ही यादी तेवढ्या वेळात सहज होऊ शकेल.